चार हातांचं प्रथिन आणि माझं उकळलेलं पाणी

मी प्रयोगशाळेत बाटल्या धुते. वय झालंय, गुडघे कुरकुरतात, पण वारज्याहून सकाळची बस पकडून वेळेवर मोरीपाशी उभी असते. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत वाचत आलं. आणि गेल्या उन्हाळ्यात एका एवढ्याशा कुपीपायी जी धावपळ झाली ना, ती आठवली की अजून अंगावर काटा येतो. आनंदाचाच हो!

तर आमच्याकडे अमरावतीकडची एक मुलगी पीएचडी करते. तिनं परदेशातून एक प्रथिन मागवलं. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्या, त्यांत तीन कुप्या, आणि कुप्यांत काहीच नाही!

"अगं, रिकाम्याच पाठवल्या की काय?"

"मावशी, नीट पाहा ना. तळाला पांढरं दिसून राहिलं का?"

दिसलं. पिठाचं बोट लागावं, एवढंच.

तिनं समजावलं. हे माणसाच्या शरीरातलं प्रथिन. पेशीत कॅल्शियम आलं की चार हातांनी धरतं, आणि धरलं की अंग वळवून दुसऱ्यांना कामाला लावतं. माणसाचं म्हटल्यावर मी दोन पावलं मागेच सरकले. ती हसत सुटली. "माणसातून नाही काढलं हो! कृती तेवढी माणसाची. ती जीवाणूंना दिली, त्यांनी बनवलं." म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रासारखं. पोळी घरच्या पद्धतीची, लाटणारी भलतीच. मला लगेच कळलं.

प्रयोग असा होता: प्रथिन कॅल्शियम नसलेल्या पाण्यात विरघळवायचं, तेव्हा मोजणीच्या यंत्राच्या पडद्यावरची रेघ खाली राहायला हवी. मग कॅल्शियमचा थेंब टाकला की ती वर चढायला हवी. पण आमची रेघ पहिल्यापासूनच वर! थेंब टाकला तरी ढिम्म. दोन कुप्या अशाच संपल्या.

तिच्या मार्गदर्शक सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "प्रथिन वाटेत बिघडलंय. उद्यापासून दुसरा विषय घ्या. हा विषय तुम्हाला कंटाळलाय."

दोन वर्षांची मेहनत होती पोरीची. डोळे भरून आले तिचे. मला हळूच म्हणाली, "मावशी, बाटल्या नीट धुतल्या होत्या ना?"

मला झोंबलंच. "तोंड दिसेल बघ त्यांत, तोंड!"

संध्याकाळी घरी आले, पिण्याचं पाणी उकळलं, गाळलं. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो, प्रयोगशाळेतही येतो. पातेल्याच्या कडेला पांढरा थर धरला होता, तो घासायला बसले आणि हात तिथेच थांबला.

अगं बाई! हा थर कसला? क्षारांचा. म्हणजे त्यात कॅल्शियम!

त्याचं झालं होतं असं. आमचं शुद्ध पाणी काढायचं यंत्र बंद होतं. शेजारच्या विभागातून एकच कॅन मिळाला होता. मुलीच्या प्रयोगाला पुरेल म्हणून मी तो राखला, आणि बाटल्यांना शेवटचा हात उकळून गार केलेल्या पाण्याचा दिला. घरात तान्ह्या बाळाला आपण काय देतो? उकळलेलंच ना? त्याहून शुद्ध ते काय! पण उकळून जंतू मरतात, क्षार कुठे जातात? ते आपले काचेलाच चिकटून बसले होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं गेले. सर आणि ती मुलगी, दोघांसमोर सांगून टाकलं. जीभ थांबेना.

मुलगी ओरडलीच, "म्हणजे आधीच चारही हात भरून होते त्याचे! थेंब टाकून काय होईल मग?"

सरांनी एक बाटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे इथे आपलं काम चोख करत होतं ते फक्त प्रथिन."

बोलले, पण शेजारच्या विभागातून आणखी दोन कॅन स्वतः उचलून आणले हो त्यांनी!

मग काय, बाटल्या आम्लानं धुतल्या आणि शुद्ध पाण्यानं पुन्हा पुन्हा खंगाळल्या. आयुष्यात इतकं मन लावून काही धुतलं नसेल. शेवटची कुपी उघडली. मुलीनं नवं द्रावण केलं, यंत्रात ठेवलं. मी पदर मुठीत धरून उभी.

रेघ खाली! दुपारच्या मांजरासारखी पसरलेली.

"मावशी, थेंब तुम्हीच टाका."

"मी? अगं, मी बाटल्या धुणारी!"

"टाका," सर म्हणाले. "नाहीतरी कॅल्शियम घालायची सवय तुम्हालाच आहे."

टाकला. आणि रेघ उठली हो! सरसर वर गेली. "धरलं गं, धरलं!" मी अशी ओरडले की शेजारच्या विभागाची माणसं दारात आली. मुलगी गळ्यात पडली, तिच्या हातमोज्यांसकट.

सरांनी दारातल्यांना सांगितलं, "काही नाही, आमचा विषय परत आला."