कोपरा नसलेलं तिकीट

व्यंकण्णा तिकीट द्यायच्या आधी त्याचा कोपरा दाताने तोडायचा. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, आत पंचाची शिट्टी वाजलेली असो, तो तिकीट तोंडाशी न्यायचा, कोपरा कटकन तोडून थुंकायचा आणि मगच हात पुढे करायचा. एकदा एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो, हे उष्टं तिकीट कोण घेणार?"

"उष्टं हाय म्हणून तर तुमचं हाय, साहेब," व्यंकण्णा म्हणाला. "दुसरं कोण घेत न्हाय."

सोलापुरात बंद पडलेल्या गिरणीमागच्या मैदानावर दर हिवाळ्यात एका पुढाऱ्याच्या नावाने कबड्डीचे सामने होतात. नातेपुत्यापासून मैंदर्गीपर्यंतचे लोक टेम्पो भरभरून येतात. बल्ल्या आणि फळ्या काथ्याने बांधून तीन गॅलऱ्या उभ्या करतात. तिकिटाची खिडकी उघडते आणि पानाला चुना लावेपर्यंत बंद होते. मग भिंतीच्या कडेने ब्लॅकवाले फिरू लागतात. व्यंकण्णा त्यांच्यातला सर्वांत जुना. एरवी तो चादरीच्या कारखान्यात माग चालवायचा. राहायला कुंभारीला, बायको विड्या वळायची. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि पोलिसाशी बोलताना फक्त मान डोलावणं.

मी त्याला भेटले ती त्याच्याविरुद्ध पत्रक वाटताना. आमच्या घरी पाहुण्याला चहाआधी पत्रक मिळतं. वडिलांनी गिरणी कामगारांची पत्रकं छापली, मी त्यांच्या शाईवर वाढले, आणि खोटं बोलणं ही एकच गोष्ट आमच्याकडे माफ होत नाही. माझ्या पत्रकाचं शीर्षक होतं, 'काळाबाजार म्हणजे गरिबाच्या करमणुकीवर दरोडा'. ते मला आजही मान्य आहे. दिवसभर माग चालवून आलेल्या माणसाला दुप्पट पैसे मोजून कबड्डी बघावी लागते, यात कौतुक करण्यासारखं काही नाही.

व्यंकण्णाने पत्रक घेतलं, एकेका अक्षरावर बोट ठेवत शेवटपर्यंत वाचलं.

"लई ग्वाड लिवलीस, अम्मा. पण हितं चुकलीस. 'काळाबाजारवाले तिकिटं गडप करतात.' आमी कुटं गडप करतो? खिडकी आमाला देती. खिडकीचं नाव कुटं हाय ह्यात?"

त्याने माझ्या गठ्ठ्यातली मूठभर पत्रकं काढून घेतली आणि दिवसभर गिऱ्हाइकांना त्यातच गुंडाळून तिकिटं दिली. वर म्हणायचा, "वाचा, वाचा. माज्यावरच लिवलंय." माझ्या पुढच्या पत्रकात खिडकी आली. सामने भरवणाऱ्या मंडळाचा सेक्रेटरी, जो खिडकी सांभाळायचा, त्या दिवसापासून मला "ताई" म्हणू लागला. त्याआधी तो मला काहीच म्हणत नव्हता.

कोपऱ्याचं कारण व्यंकण्णाने मला चहाच्या गाडीवर सांगितलं. दारावरचा स्वयंसेवक तिकीट फाडत नाही, अख्खं घेऊन पेटीत टाकतो. पेटी मागच्या बाजूने परत खिडकीत जाते. तेच तिकीट पुन्हा विकलं जातं, पुन्हा पेटीत पडतं. आधीच कोपरा तुटलेला असला तर पुढचं गिऱ्हाईक बोंबलतं, म्हणून व्यंकण्णाचं तिकीट परत येऊ शकत नाही.

"बसाया जागा हाय तर ते तिकीट. जागा न्हाय तर नुस्ता कागुद. मी म्हाग इकतो, अम्मा. कागुद इकत न्हाय."

त्याने इतक्या वर्षांत एकही सामना पाहिला नव्हता. तो भिंतीला पाठ लावून उभा राहायचा आणि ऐकायचा. मला वाटायचं चढाई ऐकतोय. तो गॅलऱ्या ऐकत होता. आयुष्यभर मागाच्या खडखडाटात राहिलेल्या माणसाला एखादा वेगळा आवाज बरोबर टोचत असावा. मैदान काळ्या मातीचं, धूळ बसावी म्हणून रोज टँकर पाणी मारायचा, आणि वळताना तिसऱ्या गॅलरीच्या बुडाशी गळत राहायचा. तिथे बल्ल्यांच्या खड्ड्यांत कायम चिखल. गर्दीने पाय आपटले की आतून एक लांब कण्हल्यासारखा आवाज यायचा.

"तिसरी बोलूलालीय," व्यंकण्णा म्हणायचा. पहिल्या वर्षी हसत म्हणाला होता. पुढे हसणं बंद झालं.

गेल्या वर्षी अंतिम सामन्याच्या संध्याकाळी सेक्रेटरीच्या माणसाने त्याला तिकिटांचा नवा गठ्ठा आणून दिला. व्यंकण्णाने अंगठ्याने तो फुलवला आणि मध्येच थांबला. एक तिकीट बाहेर काढून माझ्यासमोर धरलं. त्याला कोपरा नव्हता. दातांची खूण अजून ओलसर होती.

"हे मी मघाशी इकलो. नातेपुतेच्या म्हाताऱ्याला. नातीला घिऊन वर गेलाय तो, तिसरीत." त्याचा आवाज खाली गेला. "आता उष्टं बी सोडंनात."

आम्ही दोघं खिडकीपाशी गेलो. व्यंकण्णा म्हणाला, "सायेब, तिसरी भरली. एका जागंवर दोन दोन माणसं हायत. इकणं थांबवा."

सेक्रेटरी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "दाटीवाटीनं बसतात बे. लोकांना बघायचंय, बघू दे की. तू कधीपासून लोकांची काळजी करलालास? ब्लॅक कर, जा."

मी बंदोबस्तावरच्या हवालदाराकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, लेखी द्या." मी भिंतीवर कागद टेकवून लेखी लिहायला लागले. लिहिणं मला येतं. आतून तो कण्हण्याचा आवाज आता थांबतच नव्हता.

मान वर केली तेव्हा व्यंकण्णा जागेवर नव्हता. ज्या दारातून तो कधी आत गेला नव्हता, तिथून तो आत शिरला होता. मी धावले. तो तिसऱ्या गॅलरीच्या शिडीखाली उभा राहून वर बघत ओरडत होता, "उतरा, पडंल ही!" कुणी लक्ष दिलं नाही. वरून एकाने शेंगांची टरफलं त्याच्या डोक्यावर टाकली. "ए, खाली बस बे, दिसंना."

मग त्याने खिशातल्या नोटा बाहेर काढल्या, हात उंच केला आणि ओरडला, "तिकिटं खोटी हायत. मीच इकलोय समद्यांना. पैशे हे बघा माज्या हातात. मी निगालो."

आणि तो पळाला. मैदानाच्या कडेने, सगळ्यांना दिसेल असा, एका पायाने जरा लंगडत. मग माणसं उतरू लागली. शिडीवरून, बाजूच्या बल्ल्यांना धरून, शिव्या देत, चपला हातात घेत. जीव वाचवायला जे हलले नव्हते ते पैशासाठी धावले. नातेपुत्याचा म्हातारासुद्धा नातीचा हात धरून उतरला, काठी उगारत.

त्यांनी त्याला दुसऱ्या दाराशी गाठलं. मी मध्ये पडले, पण गर्दीला ताई वगैरे काही कळत नाही. पोलिसांनी सोडवला तेव्हा त्याच्या तोंडातून रक्त येत होतं आणि पुढचे दोन दात गेले होते. तेच दात, ज्यांनी तो कोपरा तोडायचा. गोंधळ झाला म्हणून पोलिसांनी तिसरी गॅलरी बंद केली. सामना पार पडला. गॅलरी पडली नाही.

त्याचा गुन्हा इतकाच की गॅलरी पडली नाही. पडली असती तर त्याचा सत्कार झाला असता. उभी राहिली म्हणून तो ब्लॅकवाला ठरला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, खोटी तिकिटं विकणाऱ्यास अटक, अंतिम सामना उत्साहात. मी खरं काय ते पत्रकात लिहून मंडळात, महापालिकेत, चौकीत दिलं. सेक्रेटरीने ते वाचून माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "ताई, पडली का गॅलरी?" महापालिकेतल्या साहेबांनीही हेच विचारलं. एकाच पत्रकाला इतकं एकमुखी उत्तर मला कधी मिळालं नव्हतं.

चादरीच्या कारखान्याने व्यंकण्णाला पुन्हा घेतलं नाही. पोलिसांत नाव गेलेला माणूस मालकाला नको होता. उन्हाळ्यात तो भिवंडीला निघाला, मेव्हण्याकडे, मागावर. एसटी स्टँडवर मी त्याला विचारलं, तू खोटं का बोललास? तुझी तिकिटं तर खरी होती.

"खरं सांगितलो की आधी," तो म्हणाला. दात नसल्यामुळे शब्द फुसफुसत बाहेर येत होते. "कोण उतरलं? मरतोस म्हटलं तर माणूस हलत न्हाय, अम्मा. फसलास म्हटलं की पळतोय."

मग गाडीत चढता चढता थांबला. "पुढल्या साली खिडकीला जा. तिकीट हातात घिऊन बघ. नवं तिकीट कडक असतंय, कांजी केल्यावानी. मऊ लागलं तर समज, पेटीतनं आलंय."

गाडी गेली. तेव्हापासून त्याचा फोन लागलेला नाही.

या वर्षीच्या गॅलऱ्या बांधून झाल्या आहेत. तिसऱ्या गॅलरीला वर आणखी एक पायरी चढवली आहे. टँकर काल संध्याकाळी फिरला आणि तिथेच वळला. पहिला सामना उद्या आहे, आज फक्त आगाऊ विक्री होती. मी रांगेत उभी राहिले. सेक्रेटरी म्हणाला, "या ताई, यंदा बघायला का?" आणि तिसऱ्या गॅलरीचं तिकीट माझ्या हातावर ठेवलं.

अजून एकही माणूस दारातून आत गेलेला नाही. तरी तिकीट मऊ होतं, गेल्या वर्षीच्या पेटीतलं.

उद्यासाठी वडिलांनी पत्रकं छापून ठेवली आहेत. ती घरीच राहतील. उद्या संध्याकाळी मी तिसऱ्या गॅलरीच्या शिडीखाली उभी राहून खोटं बोलणार आहे.