दोनशे सतरा नंबरची वाचक

गल्लीत तिचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे तिला कादंबरीबाई म्हणत. दूधवाला म्हणे, पोस्टमन म्हणे, आणि तळमजल्यावरचा न्हावी तर गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासता फासता वरच्या खिडकीकडे वस्तरा रोखून सांगे, "ती बघा, त्या खिडकीत दर वर्षी एक तरी मुडदा पडतो."

न्हाव्यानं थोडं तिखटमीठ लावलं असेल, पण अगदीच खोटं नव्हतं. चौदा रहस्यकथा, सहा भुताच्या, पाच ऐतिहासिक, तीन विनोदी, आणि अगदी सुरुवातीच्या दोन प्रेमकथा, असा तीस पुस्तकांचा संसार तिनं त्या एका खिडकीपाशी मांडला होता. प्रत्येकाची रीत वेगळी. रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण ती आधी लिही आणि तिथून एकेक पाऊल मागे येई, जिना उलटा उतरावा तशी. भुताची गोष्ट उभ्यानं, कपाटावर कागद ठेवून. बसलं की भीतीही बसते, असं तिचं म्हणणं. ऐतिहासिक कादंबरीतले संवाद ती मोठ्यानं म्हणून बघे, तेव्हा खाली दाढीला बसलेले लोक मान वर करून विचारत, "आज कुठला किल्ला?" विनोदी लिहिताना मात्र तिचा चेहरा असा पडलेला असे, की शेजारीण दारात येऊन हळूच चौकशी करी, "कुणी गेलं का हो?"

सत्कार होत, मुलाखती होत. "इतके प्रकार हाताळायची ही हौस कुठून आली?" असं कुणी विचारलं की ती म्हणे, "एकाच भूमिकेचा कंटाळा येतो हो." सभागृह हसे, टाळ्या पडत. ती हार टेबलावर काढून ठेवी आणि नजर शेवटच्या रांगेपर्यंत फिरवून आणी. तिथं जी बसलेली असावी असं तिला वाटे, ती कधीच नसे.

ती म्हणजे तिची ताई. नऊ वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेल्यावर ताईनंच शिवणयंत्रावर बसून धाकटीला वाढवलं, शिकवलं, कागद आणून दिले. त्या दिवसांत ताईचं एकावर मन बसलं होतं. तो नोकरीसाठी दूर गेला, येतो म्हणाला आणि पत्ता न देताच गेला. ताईनं त्याला एक पत्र लिहिलं, पण टाकणार कुठं? ते शिवणयंत्राच्या खणात, रिळांच्या खाली पडून राहिलं. धाकटीला ते एकदा रीळ शोधताना सापडलं. तिनं वाचलं, आणि ती अक्षरशः हलली. इतकं साधं आणि इतकं खरं तिला स्वतःला कधी लिहिता आलं नव्हतं. तिनं ते उतरवून घेतलं आणि दुसऱ्या प्रेमकथेत जसंच्या तसं घातलं.

पुस्तक धो धो चाललं. ताईनं एका दुपारी ते वाचून संपवलं, मिटलं आणि म्हणाली, "तू आता आपली खोली बघ." एवढंच. आदळआपट नाही, रडारड नाही. धाकटीनं खोली बघितली. त्यानंतर तिनं पाच पत्रं पाठवली, पाचही न फोडता परत आली. एकदा दारात गेली, तर ताई गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होती. ती मापाची पट्टी गुंडाळून आत निघून गेली. याला आता तेहतीस वर्षं झाली. दोघींच्या घरांत फक्त सात गल्ल्या होत्या.

पण दोघी एकाच वाचनालयाच्या सभासद होत्या. तिथं प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कागदाची पट्टी चिकटवलेली असे. तिच्यावर परतीच्या तारखेचा शिक्का आणि शेजारी, पेनानं, पुस्तक नेणाऱ्याचा क्रमांक. ताईचा क्रमांक दोनशे सतरा. एकदा सहज चाळलेल्या एका रहस्यकथेच्या मागे कादंबरीबाईला तो दिसला. मग दुसऱ्या रहस्यकथेत दिसला, मग तिसऱ्या. त्या दिवशी घरी येऊन तिनं अर्धी झालेली प्रेमकथा पेटीत टाकली आणि कोऱ्या कागदावर पहिला खून केला.

हे तिच्या सगळ्या लेखनाचं गुपित. दोनशे सतरा नंबर भुताच्या कपाटाकडे वळला, की ही उभ्यानं लिहायला लागे. तो इतिहासाकडे गेला, की हिच्या खोलीत तलवारी खणखणत. ताई जी पुस्तकं नेई ती ही नंतर घरी आणी, तिला यातलं काय आवडलं असेल याचा विचार करत पुन्हा पुन्हा वाचे आणि तसंच काहीतरी, पण त्याहून चांगलं, लिहायची धडपड करी. समीक्षक लिहीत, 'लेखिकेची प्रतिभा बहुरूपी आहे.' कसली बहुरूपी? एका माणसाच्या मागे चार सोंगं घेऊन फिरत होती बिचारी.

आणि नवं पुस्तक वाचनालयात आलं, की दर पंधरवड्याला जाऊन ती त्याची पट्टी बघे. शिक्क्यांवर शिक्के पडलेले, क्रमांकांची रांग लागलेली. शंभर वाचक, दीडशे वाचक. दोनशे सतरा कधीच नाही.

यंदा मात्र वेगळंच झालं. चार महिने झाले, दोनशे सतरा कुठंच उमटला नाही. ना रहस्यात, ना भुतात, ना विनोदात. कादंबरीबाईनं चार कपाटं पालथी घातली आणि शेवटी ती पदर खोचून टेबलापाशी जाऊन उभी राहिली. टेबलामागे ग्रंथपाल. गेली पस्तीस वर्षं शिक्के मारून मारून त्यांचा उजवा खांदा खाली आला होता, म्हणून पोरंटोरं त्यांना शिक्केकाका म्हणत.

"दोनशे सतरा," ती म्हणाली. "त्या येत नाहीत का हल्ली?"

शिक्केकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "विचारलंत एकदाचं. त्यांची नजर गेली हो. अगदी अंधार नाही, पण अक्षर लागत नाही. यंत्रही विकलं."

तिनं टेबलासमोरची खुर्ची ओढली.

"बसा. आणि आता सांगूनच टाकतो, माझ्या पोटात राहत नाही," ते म्हणाले. "तुमची पुस्तकं त्यांनी वाचली आहेत. सगळी. घरी नेत नव्हत्या. त्या तिकडच्या बाकावर बसून वाचायच्या, चार दिवस, पाच दिवस, आणि परत जाग्यावर ठेवून जायच्या. घरी नेलंच नाही तर पट्टीवर नंबर कसा पडणार?"

"तुम्ही मला बोलला नाहीत."

"त्यांनी बोलू नका म्हटलं होतं. आणि तुम्ही तरी कधी विचारलंत? चोरासारख्या पट्ट्या बघत फिरायच्या. दोघी एकीसारख्या एक. एक मंगळवारी यायची, दुसरी शुक्रवारी, आणि मधे मी आपला उभा, दोन विंगांच्या मधल्या खांबासारखा."

सात गल्ल्या ती कशी चालली ते तिला सांगता आलं नसतं. पिशवीत ताज्या पुस्तकाची प्रत होती. आपण वाचून दाखवू, एवढंच तिनं ठरवलं होतं. बाकी सगळे संवाद, तेहतीस वर्षं पाठ केलेले, वाटेतच गळून गेले.

दार उघडं होतं. ताई खिडकीपाशी खुर्चीत बसून घड्या घातलेले कपडे उलगडत होती आणि बोटांनी शिवण चाचपून पुन्हा घडी घालत होती. केस पांढरेशुभ्र. पावलांची चाहूल लागताच तिनं मान वळवली.

"चप्पल घासत चालायची सवय गेली नाही तुझी, बारके."

या हाकेची कादंबरीबाईनं तीस पुस्तकं वाट बघितली होती. आता ती आली, तेव्हा हिनं पिशवीतून पुस्तक बाहेर काढलं. म्हणाली, "नवं पुस्तक आणलंय. वाचून दाखवू?"

"खुनाचं आहे?"

"हो."

"मग राहू दे. तुझा खुनी मला चाळिसाव्या पानावर कळतो. सगळ्यांत जास्त गोड बोलतो तो." ताईनं एक उशीचा अभ्रा झटकला. "भुतं बरी होती. विनोदाच्या वाटेला मात्र परत जाऊ नकोस."

दोघीही हसल्या. मग धाकटीनं, जे सांगायला तेहतीस वर्षं घालवली, ते सांगितलं. "ताई, ते पत्र मी घ्यायला नको होतं. चुकलं माझं."

"पत्राचं काय एवढं?" ताई म्हणाली. "मला वाईट वाटलं, पण वाचताना वाटलं, बरं लिहिलं होतं मी. मला राग आला तो पुढच्या पानाचा. तू त्याला परत आणलंस."

"प्रकाशक म्हणाले, प्रेमकथा आहे, शेवट गोड हवा. आणि मला वाटलं, निदान पुस्तकात तरी तुला तो मिळावा."

"अगं, मी त्याची वाट बघणं तुझ्या पुस्तकाच्या आधीच सोडलं होतं. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या मर्जीनं. तेवढी एकच गोष्ट मी आयुष्यात धडपणे शेवटाला नेली होती. मग तुझं पुस्तक आलं, त्यातली ती मीच हे माप द्यायला येणाऱ्या बायकांनी ओळखलं, आणि विचारायला लागल्या, काय हो, आले का ते? एकीनं विचारलं, दुसरीनं विचारलं. शेवटी मीच रात्री दाराला कडी लावीनाशी झाले. दोन वर्षं. सोडलेली वाट परत बघायला लावलीस तू मला."

कादंबरीबाईनं हातातलं पुस्तक परत पिशवीत ठेवलं.

"म्हणून वाचत राहिले," ताई म्हणाली. "वाटायचं, कुठल्या तरी पुस्तकात ही खरा शेवट लिहील. खुनात नाही तर भुतात, भुतात नाही तर राजेरजवाड्यांत, कुठंतरी घुसडील."

"मला माहीतच नव्हता, ताई."

"तुझ्या डोळ्यांसमोर झाला की. त्याच्या शर्टासाठी मी कापड घेऊन ठेवलं होतं, चांगलं महागाचं. वर्षभर ट्रंकेत होतं. तू पहिली कादंबरी घेऊन प्रकाशकाकडे जायला निघालीस, आणि तुझ्याकडे अंगावर घालायला धड काही नव्हतं. मी ते कापड काढलं, पसरलं आणि कात्री घातली. त्याचा शर्ट तिथंच संपला. तुझा ड्रेस शिवला मी त्या कापडाचा. त्यानंतर छान झोप लागली मला."

कादंबरीबाईचा हात आपोआप पिशवीतल्या पेनाकडे गेला. एवढ्या वर्षांची सवय. असा शेवट समोर आला की आधी बारकावे गोळा करायचे. तिनं विचारलं, "कापडाचा रंग कुठला होता गं?"

ताईनं अभ्र्याची घडी अर्ध्यावर सोडली. "तू घातला होतास तो. तुला आठवत नाही?"

तिनं डोळे मिटले. प्रकाशकाचा जिना आठवला. टेबलावरची शाईची दौत आठवली, त्यांच्या मनगटावरचं घड्याळ, 'ठेवून जा' म्हणताना वर न उचललेली त्यांची मान. पत्राची ओळ न् ओळ अजून तोंडपाठ होती. पण स्वतःच्या अंगावर काय होतं, तेवढं दिसेना. निळं म्हणावं, तर ते तिच्या एका नायिकेचं होतं. हिरवं दुसरीचं.

"नाही आठवत," ती म्हणाली.

"मग आठव," ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता, लाडही नव्हते. "मी सांगणार नाही. सांगितलं की तू लिहून टाकशील आणि मोकळी होशील. आठवलं की ये."

कादंबरीबाईनं पेन पिशवीत टाकलं आणि जिना उतरून ती घरी आली. ट्रंका उपसल्या, जुने फोटो काढले; त्यातले बहुतेक काळेपांढरे होते. खिडकीपाशी कोरा कागद तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा सात गल्ल्या चालून ताईच्या दारात उभी राहिली. आठवलं नव्हतं. तरी आली होती. ताईनं चाहूल घेतली, काही विचारलं नाही, आणि शेजारच्या खुर्चीवरचे कपडे उचलून मांडीवर घेतले.