भरत आलेली जीप

माझ्या ड्रॉवरमधले खडू महिना संपायच्या आत संपतात, किस्से मात्र साठतच जातात. शिकवलेलं पोरं परीक्षेनंतर विसरतात, बरंचसं मीही विसरते. पण वर्गात कोण काय बोललं ते कुणी विसरत नाही. चहाला चारजणं जमली की एक किस्सा निघतो, आणि त्याला धरून दुसरा.

मी हिंगोलीतल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. कॉमर्सवाल्यांना नाही हं. बीएस्सीच्या पोरांना पहिल्या वर्षी आपल्या शाखेबाहेरचा एक विषय निवडावा लागतो, त्यातला 'अर्थशास्त्र आणि समाज' हा पेपर माझा. मी तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे वर्ग भरला तर मी कॉलेजात, नाही भरला तर घरात. आमचे विज्ञान शाखेचे प्रमुख कुलकर्णी सर पहिल्या दिवसापासून म्हणत आलेत, की मायक्रोस्कोपमध्ये बघणाऱ्या पोरांना बाजारभावाशी काय करायचंय? मीही पहिल्या दिवसापासून सांगत आलेय, की सर, ती पोरं घरी जाऊन मायक्रोस्कोप खात नाहीत.

*

मागच्या वर्षी पुरवठा शिकवत होते. भाव वाढला की विकणारा जास्त माल बाजारात आणतो, असं म्हणून फळ्यावर वर जाणारी रेघ काढली. सेनगावचा गणेश, विषय प्राणिशास्त्र, मागच्या बाकावरून म्हणाला की ही रेघ त्यांच्या घरी चालत नाही. सोयाबीनचा भाव पडला की बाबा म्हणतात थांबू, वाढंल. वाढला की म्हणतात थांबू, अजून वाढंल. तोवर पोती घरातच.

मी वैतागून विचारलं, "अरे, मग विकता तरी कधी?"

"आजीला खाट टाकायला जागा उरत न्हाई तव्हा."

मी ते रेघेशेजारी लिहून टाकलं. नेमके तेव्हाच कुलकर्णी सर व्हरांड्यातून चालले होते. फळ्यावर 'आजीची खाट' वाचून ते थबकले, हे काय म्हणून विचारलं. पुरवठ्यावर परिणाम करणारा घटक, मी म्हटलं. सर तडक प्राचार्यांकडे गेले. मी काही ते पुसलं नाही, तास संपेपर्यंत तसंच ठेवलं.

*

घरातल्या बाईचं काम राष्ट्रीय उत्पन्नात धरत नाहीत, हे शिकवताना मला दरवर्षी राग येतो आणि मी तो लपवत नाही. त्या वर्षी माझ्यापेक्षा जास्त राग सुमैयाला आला. सुमैया गणेशच्याच वर्गातली, वडिलांचं गावात गाद्यांचं दुकान. तिनं घरी जाऊन अम्मीला सांगितलं, की पुस्तकाप्रमाणे तू दिवसभर काहीच करत नाहीस. अम्मी म्हणाली, बराबर, मग आज बसूनच राहते. गॅस पेटलाच नाही. शेवटी अब्बांनी सगळ्यांचं जेवण हॉटेलातून आणलं.

दुसऱ्या दिवशी सुमैया उभी राहिली. काल अम्मीनं खरंच काही केलं नाही, तर देशाचं उत्पन्न वाढलं का घटलं, असं तिनं विचारलं. मी जरा विचार केला. हॉटेलचं जेवण तर धरतात. वाढलं, असंच सांगावं लागलं.

"मग अम्मीला सांगते मॅडम, देशासाठी रोज बसत जा."

*

कळमनुरीच्या आठवडी बाजारात पोरं घेऊन गेले होते. पुस्तकातली स्पर्धा प्रत्यक्ष दाखवायला. ऊन उतरलं, आम्ही निघणार, तेवढ्यात पिशवी घेऊन कुलकर्णी सर आले. ते तिथलेच राहणारे.

सुमैयानं त्यांना अगदी अदबीनं विचारलं, सर, तुम्ही एवढ्या उशिरा काहून आलात? सर खुलले. सकाळी भाजीवाल्या ताठ असतात, संध्याकाळी उरलेला माल परत न्यायची तकलीफ नको म्हणून त्याच भाव उतरवतात. पण फार उशीर केला तर चांगली भाजी गेलेली असते, म्हणून नेमकी वेळ साधावी लागते. मेथीची जुडी हातात घेऊन त्यांनी हे इतकं छान समजावलं, की भाजीवालीही मान डोलवायला लागली.

सर गेल्यावर सुमैया म्हणाली, "मॅडम, सरांनी आपला बाजारभावाचा धडा घेतला."

*

एकदा सेनगावहून परत येताना एसटी चुकली. स्टँडबाहेर सीट भरून नेणाऱ्या दोन जीपा उभ्या, एक रिकामी, एक भरत आलेली. लवकर सुटेल म्हणून मी शहाण्यासारखी भरत आलेलीत बसले. माझ्यामागून आणखी माणसं धावत आली. आणि जसजशी ती बसत गेली, तसतशी आधीची मंडळी गुपचूप उतरून पानटपरीकडं चालती झाली. ती प्रवासी नव्हतीच, ड्रायव्हरचे दोस्त होते सगळे! शेवटच्यानं उतरून जीपच्या मागच्या फळीवर दोन थापा मारल्या, "चला, जाऊ द्या."

मला संताप आला. मी ड्रायव्हरला चांगलं फैलावर घेतलं. तो निघाला गणेशचा मामा. शांतपणे म्हणाला, "मॅडम, रिकाम्या गाडीत कुणीच पहिलं बसत न्हाई. दोष गाडीचा नसतो."

रस्ताभर मी त्याच्याशी बोलले नाही. पण दुसऱ्या दिवशी वर्गात अख्खा तास त्याच्यावरच घेतला. माणसं वस्तू बघून कमी आणि दुसरी माणसं बघून जास्त ठरवतात, हा त्या तासाचा विषय. गणेश सगळा वेळ मान खाली घालून हसत होता.

*

आता या वर्षीचं. कुलकर्णी सरांनी प्राचार्यांच्या गळी उतरवलंच, की शनिवारपर्यंत पुरेशी नवी पोरं आली नाहीत तर माझा वर्ग बंद. सोमवारी मी रिकाम्या बाकांसमोर उभी होते. पोरं दारातून डोकावायची, आत कुणीच नाही बघून पुढच्या वर्गात जायची. रडू येत होतं, पण त्याहून जास्त चीड येत होती. मी ठरवलं, बाकांना शिकवीन पण खुर्चीवर बसणार नाही.

मंगळवारी गणेश आणि सुमैया आले, आता दुसऱ्या वर्षाचे, सोबत त्यांची अख्खी बॅच. सगळे बाकांवर ऐसपैस बसले. मी म्हटलं, अरे, तुमचा विषय मागच्याच वर्षी संपला, तुमची नावं आता धरत नाहीत.

"तुमी शिकवा मॅडम," गणेश म्हणाला.

मी शिकवायला लागले. दारातून डोकावणारी नवी पोरं थांबायला लागली. जागा कमी दिसल्यावर तर घाईनं आत आली. एक नवं पोरगं बसलं की एक जुनं मागच्या दारानं निघून जायचं. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. नव्या पोरांनी आपापली नावं ऑफिसात देऊन टाकली.

शनिवारी कुलकर्णी सर बघायला आले. बाक गच्च भरलेले, सगळे चेहरे नवे. फक्त गणेश आणि सुमैया कोपऱ्यात दप्तर उचलून निघायच्या बेतात होते. सरांनी त्यांना बरोबर ओळखलं.

"तुम्ही दोघं इथं काय करताय?"

"उतरून राहिलो सर," गणेश म्हणाला. मग दाराबाहेर पडून त्यानं दाराच्या फळीवर दोन थापा मारल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "चला मॅडम, जाऊ द्या."