साठवलेल्या पाण्याचा शेरा

मंडळी, आज आमच्या खानावळीत अन्न तपासणीचे साहेब आले होते. भांडी, पीठ, तेल सगळं ठीक निघालं. मग ते पाण्याच्या बॅरलपाशी थांबले.

"ताई, एवढ्या दिवसांचं साठवलेलं पाणी चालत नाही."

"नळ चार-पाच दिवसांनी येतोय साहेब. साठवू नको तर काय करू, सांगा की!"

"माझ्याही घरी तेच आहे. पण लिहावं लागतं."

'पाणी साठवणूक, सुधारणा आवश्यक' असा शेरा देऊन ते गेले. आमचे हे म्हणाले, शेऱ्याचा कागद आत ठेव. मी मात्र तो कागद भिंतीला लावला. लपवायचं कशाला?

दुपारी रोज जेवायला येणाऱ्या काकांनी तो वाचला आणि ते न जेवताच निघून गेले. रागसुद्धा आला नाही मला, नुसता थकवा आला.

त्यांच्या जागी तुम्ही असता तर निदान काय झालं ते विचारलं असतं ना?