तळ्यावर हलायचं नाही

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, एक गोष्ट सोडून. ती कुठली ते शेवटी सांगेन. आधी सांगितली तर तुम्ही उठून जाल. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांकडे फोटो थोडे आणि किस्से फार साठतात, कारण बदक उडून जातं आणि किस्सा घरी येतो. दर चहाला थोडा वाढतोही. आमच्या तळ्याचे किस्से मात्र हसत सुरू होतात, आणि मध्येच सांगणारा उठून दाराला कडी लावून येतो.

आम्ही चौघं. मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला. शरद तिथेच स्टोअरमध्ये. मंगलताई नर्स. आणि आमचे गुरू भामरे सर, मूळचे सटाण्याचे, निवृत्त शिक्षक. रविवारी पहाटे इंदिरानगरच्या पलीकडच्या एका बागेत जायचं आणि तिथल्या तळ्यावर हळदी-कुंकू बदकांचे फोटो काढायचे. चोचीच्या टोकाला हळद, कपाळाशी कुंकू, आणि स्वभाव लग्नातल्या रुसक्या व्याह्याचा. जरा काही खुट्ट झालं की उठून निघालेच.

म्हणून सरांचा एकच नियम. काठावर पालथं पडायचं, अंगावर जाळी घ्यायची आणि हलायचं नाही. त्याची खूणही ठरलेली: तळहात जमिनीकडे करून हळूच खाली दाबायचा. म्हणजे, आहेस तसा पडून राहा.

*

पहिल्याच रविवारी माझ्या शर्टात लाल मुंग्या शिरल्या. मी वळवळायला लागलो तसे सर शेजारून कुजबुजले, "हालू नको रे भाऊ, बदक देखी राह्यनं."

"सर, मुंग्या खातायत."

"खाऊ दे. त्यासना फोटो नाही काढना शे."

घरी बायकोनं पाठ बघितली आणि विचारलं, "कुणी मारलं तुम्हाला?"

*

मग शरदची बारी. त्यानं जाळीऐवजी गोणपाट पांघरलं होतं. फिरायला आलेल्या एका आजोबांना काठावर फक्त गोणपाट दिसलं आणि त्यातून बाहेर आलेले दोन पाय. थोड्या वेळात गर्दी जमली. हवालदार आला. "कुणी हात लावू नका" म्हणत त्यानं काठीनं गोणपाट ढोसलं. शरद हलला नाही, कारण बदक त्याच्यापासून दोन हातांवर आलं होतं. कुणीतरी "गेला बिचारा" म्हणालं. एका बाईंनी हातही जोडले.

तेव्हा गोणपाटातून बारीक आवाज आला, "साहेब, दोनच मिनिटं."

हवालदारासकट सगळे गेटपर्यंत पळाले. बदक मात्र जागचं हललं नाही.

*

पुढचं हसण्यासारखं नाही. जवळच्या एका कॉलनीच्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसला. पार्किंगमधून आरामात चालत गेला, जसा काही मेंटेनन्स भरतो. व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला आणि आमची तंतरली. नवीन नियम झाला: एकट्यानं काठावर पडायचं नाही.

मंगलताई स्टीलची थाळी आणि लाटणं घेऊन यायला लागल्या. सर वैतागले.

"ताई, थाळी वाजवली तर बदकं जातील."

"आणि नाही वाजवली तर आपण जाऊ."

*

बागेच्या वॉचमनचं एक कुत्रं होतं, टिपू. बदकांवर भुंकायचं म्हणून आम्ही त्याला शिव्या घालायचो. एका रविवारी भुंकणं ऐकू आलं नाही. झाडाला साखळी तशीच होती, साखळीला पट्टा तसाच.

"पट्ट्यातून निसटलं आसंल," वॉचमन म्हणाला. "लय वढाळ व्हतं."

मंगलताईंनी पट्टा उचलून पाहिला. बक्कल लागलेलंच होतं, आणि पट्टा ओला. त्यांनी तो परत ठेवला आणि ओढणीला हात पुसले.

सर आभाळाकडे बघून म्हणाले, "आज उजेड बरा नाही." उजेड लख्ख होता. आम्ही कॅमेरे न काढताच घरी आलो. त्यानंतर सरांचा मोतीबिंदू निघाला आणि ताईंना दर रविवारी ड्युटी लागायला लागली.

*

उरलो शरद आणि मी. जानेवारीतली धुक्याची पहाट. शरद गेटवर म्हणाला, "तू जाऊन पड, मी चहा भरून आलोच." नियम मोडत होता, पण दोन मिनिटांचाच प्रश्न होता. मी पाणकणसात शिरलो, पालथा पडलो, जाळी ओढून घेतली.

थोड्या वेळानं मागं गवत सळसळलं आणि शरद माझ्या डाव्या बाजूला येऊन पडला. जाळीमुळे दिसला नाही, पण अंगाची ऊब लागली. वासही आला.

"आंघोळ तरी करून यायचं," मी कुजबुजलो.

उत्तर नाही. नियम पाळत होता.

"सरक जरा. कोपर लागतंय."

तो सरकला.

समोर धुकं विरळ झालं. पाण्यावर बदकांचा थवा होता, आणि सगळ्यांनी माना ताठ करून माझ्याकडेच तोंड केलं होतं. अशी फ्रेम जन्मात मिळत नाही. मी लेन्स फोकस केली. बदकांच्या मागं पलीकडचा काठ स्पष्ट झाला. तिथं एक माणूस उभा होता. हातात थर्मास.

शरद.

तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या डावीकडे बघत होता. मग त्यानं मोकळा हात हळूहळू पुढं केला, तळहात जमिनीकडे, आणि खाली दाबला.

मी हललो नाही. पापणीवर डास बसला, हललो नाही. कानाशी श्वास येत होता, माझ्यापेक्षा संथ. घरची, सरांची, टिपूचीसुद्धा आठवण झाली. मग कधीतरी गवत पुन्हा सळसळलं आणि डावी बाजू गार पडली.

तसा शरद वळसा घालून आला. शेजारचं गवत लांबच लांब दबलेलं होतं. त्यानं वाकून तिथं हात ठेवला.

"अजून गरम आहे रे."

आता कबूल करतो. मी 'सरक' म्हणालो, ते खरं. सरकला, तेही खरं. बदकं तेवढी मी घातली. त्या पहाटे तळ्यावर एकही बदक नव्हतं.