शनिवार-रविवारचे कर्नल

ब्रिटिश सैन्याने हिंदुस्थानचं काय नुकसान केलं ते इतिहासकारांनी मोजावं. माझं वैयक्तिक नुकसान मात्र त्या सैन्यातल्या एकाच माणसाने केलं, आणि तोही अर्धवेळ सैनिक. सोमवार ते शुक्रवार आम्स्टरडॅम स्लोटरडाइकच्या ऑफिसात ते माझे बॉस, आणि एकाआड एक शनिवार-रविवारी इंग्लंडात जाऊन ब्रिटिश राखीव सैन्याचे लेफ्टनंट कर्नल. २०१० नंतरची ती पाच-सहा वर्षं आठवली की आजही माझं डोकं तापतं. कॉलेजात असताना ते साधे शिपाई म्हणून भरती झाले, लष्करी लॉरी चालवायला शिकले, आणि पुढची सव्वीस वर्षं सुट्टीच्या दिवशी खपून मालवाहतुकीच्या एका अख्ख्या रेजिमेंटचे प्रमुख झाले. मधे सहा महिने अफगाणिस्तानातही होते. तिथल्या पराक्रमाबद्दल मी मोठ्या उत्सुकतेने विचारलं, तर म्हणाले, पाण्याचा टँकर एकदाही उशिरा पोचला नाही. बस्स, एवढाच पराक्रम.

आमचं काम गोदामांचं सॉफ्टवेअर सांभाळायचं, पण मीटिंगमध्ये ते परिस्थिती, उद्दिष्ट, अंमलबजावणी अशी मांडणी करत. शेवटी "काही प्रश्न?" म्हणत. कोणी बोललं नाही की तेच आम्हाला प्रश्न विचारत, आणि सुरुवात सगळ्यात नव्या मुलीपासून करत, कारण तिला कळलं असेल तर सगळ्यांना कळलं असणार. डच मंडळी आढ्याकडे बघत बसत. आम्ही दोघेही आम्स्टरडॅमजवळच्या उइटहॉर्न गावात राहायचो. बसथांब्यावर ते आठ मिनिटं आधी हजर, आणि मी दोन मिनिटं आधी पोचलो तरी घड्याळाकडे न बघण्याची सभ्यता ते इतकी उघडपणे पाळत की त्यापेक्षा बघितलं असतं तर बरं. कोणाचा वाढदिवस असला की केक सगळ्यात शेवटी घेत. अधिकाऱ्याने आधी खायचं नसतं म्हणे. त्यामुळे मलाही संकोचाने मागे थांबावं लागे आणि आम्हा दोघांच्या वाट्याला चुरा येई.

पण चुऱ्यावरून मी एवढा चिडत नाही. त्या प्रणालीची खडान्खडा माहिती असलेली माणसं आम्ही दोनच, आणि दोघांपैकी एकाने ऑफिसात असायलाच हवं असा नियम होता. राखीव सैन्याचा वर्षातून एकदा पंधरा दिवसांचा कॅम्प असतो. तीन वर्षं ते कुठल्याशा माळरानावर चिखलात लॉऱ्या पळवत होते आणि इकडे त्यांचं आणि माझं अशी दोन्ही कामं मी करत होतो. चौथ्या वर्षी पुण्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मी सहा महिने आधी रजा टाकली, त्यांनी तासाभरात मंजूर केली. आणि लग्नाला महिना उरला असताना ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. कॅम्पच्या डेट्स सैन्याने बदलल्या होत्या, आणि त्या नेमक्या माझ्या रजेवर आल्या होत्या. तुला काही करता येईल का, असं त्यांनी मला विचारलं. एकदाच.

माझा तोल गेला. तीन वर्षं साठलेलं सगळं बाहेर पडलं. "तुमच्या लुटुपुटूच्या सैन्यासाठी मी सख्ख्या बहिणीचं लग्न सोडणार नाही," असं मी सगळ्या ऑफिससमोर बोललो. आता हेही दोन शब्द सुनावतील, मग मीही चार सुनावेन, अशा तयारीने मी उभा होतो. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं," आणि जागेवर जाऊन बसले.

घरी आलो तो धुमसतच. बायको म्हणाली, "अरे, त्यांनी तुझी लीव्ह कॅन्सल केली नाही ना? मग तू चिडलायस कशावर?" मग मी तिच्यावरही चिडलो. पुण्याला गेलो, पंधरा दिवस मिरवलो, परत आलो. माझं सगळं काम झालेलं होतं, आणि टेबलावर काय काय झालं त्याची टिपणं व्यवस्थित ठेवलेली होती. कॅम्पला त्यांचा दुय्यम अधिकारी गेला होता.

तीन महिन्यांनी त्यांच्या डच बायकोच्या वाढदिवसाला मी आणि माझी बायको गेलो. डच रिवाजाप्रमाणे गोल मांडलेल्या खुर्च्या, सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन, एक केक, एक कॉफी. बाईंनी केक कापता कापता, हवापाण्याबद्दल बोलावं तशा सरळ आवाजात मला सांगितलं की तो कॅम्प म्हणजे ह्यांची शेवटची परीक्षा होती. पूर्ण कर्नलच्या जागेसाठी विचार व्हायचा तर वरिष्ठांसमोर रेजिमेंट स्वतः चालवून दाखवायची होती. ह्यांनी दाखवली नाही, जागा दुसऱ्याला गेली, आणि वयामुळे आता पुन्हा संधी नाही.

मी उठून तडक स्वयंपाकघरात गेलो. कर्नलसाहेब बाह्या दुमडून कप विसळत होते. इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता. माझी रजा मंजूर करणारे तेच, रद्द करणारेही तेच. एक बटण दाबायचं होतं.

"मला सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू लग्नाला गेला नसतास," ते म्हणाले. "मग ती विनंती राहिली नसती, हुकूम झाला असता."

मी म्हणालो की त्या दिवशी मी जे बोललो ते... त्यांनी पुढचं बोलू दिलं नाही. पुसायचं फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, लोक तसेही लेफ्टनंट कर्नलला नुसतं कर्नलच म्हणतात, कोणाला काय कळतंय. मी कप पुसत राहिलो. लुटुपुटूचं हा शब्द मागे घ्यायचा राहिला तो राहिलाच.

पुढे दोन वर्षांनी ते दोघं इंग्लंडला परत गेले. दर नाताळला त्यांचं कार्ड येतं. चार ओळींचं, आणि त्यातली पहिली ओळ माझ्या बहिणीची चौकशी करणारी: ती कशी आहे, संसार सुखाचा आहे ना. तिची एवढी विचारपूस मी सख्खा भाऊ असून करत नाही. कार्ड आलं की मी तिला फोन लावतो, सगळं ठीक आहे ना म्हणून खोदून खोदून विचारतो. ती वैतागते, ठीक आहे म्हणते, आणि तेवढं ऐकल्याशिवाय मला त्यांना उत्तर लिहायचा धीर होत नाही.