ल्यूकनमधून उडवलेला सुरुंग

लॉकडाऊनमुळे मुलीकडे आयर्लंडमधल्या ल्यूकनला अडकलेले एक काका मला बागेत एकदाच भेटले. हिमालयात ते खणत होते त्या बोगद्यात आज शेवटचा सुरुंग होता. सुरुंगाआधी हाक द्यायची ती नेहमी यांनीच, आणि आज हे इथे! चेहरा अगदी रडवेला. तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला.

"उस्ताद, आपकी आवाज के बिना बटन नहीं दबेगा!"

काका बाकावर चढले, मास्क खाली ओढला आणि गरजले, "सब बाहर?"

"बाहर!"

कुत्रा फिरवणारी आयरिश आजी दचकली. "यू ग्रँड, लव्ह?" म्हणजे, बरा आहेस ना बाबा?

फोनमध्ये धडाम! धूर विरला, डोंगराच्या पलीकडच्या बाजूचे दिवे दिसले. काका खाली उतरले. बागेत गार वारा सुटला, मी कॉलर वर केली.

"थंडी वाजतेय?" काकांनी विचारलं.

"हो."

"वाजणारच. डोंगर आत्ताच आरपार झालाय!"